पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट: एडीएचा आकडा शेवटी वाचा

‘एडीए बारा आलाय, म्हणजे मेंदूचा टीबीच ना?’ खानापूर, निपाणी, संकेश्वर, अथणीकडून बेळगावात आणलेल्या रुग्णांचे नातेवाईक मोबाईलवरचा रिपोर्ट पुढे धरून हेच विचारतात. उलटाही प्रश्न तितकाच येतो: ‘एडीए नॉर्मल आहे, मग टीबीच्या गोळ्या कशाला चालू केल्या?’ दोन्हीकडे चूक एकच आहे. रिपोर्टवरचा एक आकडा उचलायचा आणि त्यालाच निदान समजायचं.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जे पाणी असतं, त्याला डॉक्टर सीएसएफ म्हणतात आणि आपल्याकडे सगळे ‘पाठीतलं पाणी’ म्हणतात. त्यात काही एन्झाइम, म्हणजे पेशींमधली रासायनिक कामं घडवणारी प्रथिनं, मोजता येतात. एडीए आणि एलडीएच ही नेहमीची, सीके वगैरे क्वचितच. पेशी फुटल्या, मेल्या किंवा चेतल्या की एन्झाइम पाण्यात उतरतं. म्हणून वाढलेला आकडा ‘इथे काहीतरी घडतंय’ एवढंच सांगतो. काय घडतंय, हे ठरवायला बाकीच्या ओळी लागतात आणि पाणी नीट घेऊन नीट पोहोचवलेलं असावं लागतं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत.

सावधान: ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं, झापड, बडबड किंवा झटका यांपैकी लक्षणं एकत्र दिसली तर हा लेख बाजूला ठेवा आणि रुग्णाला मोठ्या दवाखान्यात न्या. जंतूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात जायला हवा. त्यासाठी कुठल्याही रिपोर्टची वाट बघायची नसते.

### टप्पा १: पाणी काढण्याआधी ही माहिती जमवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि तो दुरुस्त करणं सर्वस्वी घरच्यांच्या हातात असतं.

आधी कुठली औषधं झाली, ते लिहून काढा. आपल्या भागातला रुग्ण थेट बेळगावात येत नाही. आधी गावातला डॉक्टर, मग तालुक्याचा दवाखाना, मग मोठं हॉस्पिटल. या वाटेवर दोन-तीन दिवसांत अँटिबायोटिकची इंजेक्शनं झालेली असतात, कधी स्टेरॉइडही दिलेलं असतं. अर्धवट उपचार झालेल्या मेंदूज्वरात कल्चरवर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी) जंतू उगवत नाहीत, पेशींचा प्रकार बदलतो आणि एडीए मात्र चढलेला राहू शकतो. मग चित्र टीबीसारखं दिसू लागतं. इंजेक्शनचं नाव आठवत नसेल तर त्या दवाखान्यात फोन करून चिठ्ठीचा फोटो मागवा. ‘लाल झाकणाची बाटली होती’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर न विचारता सांगा. हृदयाच्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णाला ते चालू असतं आणि गडबडीत सांगायचं राहून जातं. प्लेटलेटचा ताजा आकडाही हातात ठेवा. डेंग्यूच्या दिवसांत हे विशेष महत्त्वाचं, कारण प्लेटलेट ४०-५० हजारांच्या खाली असतील तर डॉक्टर सहसा सुई घालायचं थांबवतात.

रक्तातली साखर पाणी काढण्याच्या सुमारास तपासली जाईल ना, हे विचारून घ्या. पाण्यातल्या साखरेचा अर्थ रक्तातल्या साखरेशी ताडूनच लागतो. रुग्णाला मधुमेह असेल किंवा ग्लुकोजचं सलाईन चालू असेल तर तेही नोंदवून घ्या. रक्तातली साखर वाढली की पाण्यातली साखर काही तास मागे राहते आणि खोटी ‘कमी’ वाटते.

आणि घरच्या जनावरांबद्दल सांगा. गोठा आहे का, कच्चं दूध पिण्यात येतं का, अलीकडे गाय-म्हैस किंवा शेळी गाभडली आणि पडलेला गर्भ हाताने काढला का. याचा संबंध पाचव्या टप्प्यात कळेल.

आता भीतीबद्दल. ‘पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ असं म्हणत संमतीची सही एक-दोन दिवस लांबवली जाते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये जाते. शरीरात हे पाणी सुमारे १५० मिलिलिटर असतं आणि दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास नवं तयार होतं. तपासणीसाठी घेतलेलं १० मिलिलिटर साधारण अर्ध्या तासात भरून निघतं. नंतर काहींचं डोकं दुखतं, विशेषतः उठून बसल्यावर. बहुतेकांचं ते काही दिवसांत थांबतं. मेंदूत दाब वाढल्याची किंवा गाठीची शंका असेल तर डॉक्टर आधी सीटी स्कॅन करून घेतात. त्याला टाळाटाळ समजू नका.

संमतीपत्र बहुतेक वेळा कन्नड किंवा इंग्रजीत असतं. मराठीत समजावून सांगा म्हणून म्हणायला अजिबात संकोच करू नका. वॉर्डात मराठी बोलणारं कुणी ना कुणी असतंच.

तपासा: औषधांची यादी, प्लेटलेट, रक्तातल्या साखरेची वेळ आणि जनावरांची माहिती केसपेपरवर लिहिली गेली का? तोंडी सांगितलेलं ड्युटी बदलली की हरवतं.

### टप्पा २: पाणी काढताना कोणती बाटली कशासाठी

पाणी एकाच बाटलीत घेत नाहीत. तीन-चार छोट्या निर्जंतुक बाटल्या असतात, क्रमांक टाकलेल्या. एक साखर-प्रोटीन-एन्झाइमसाठी, एक जंतूंसाठी, एक पेशी मोजण्यासाठी. टीबीच्या तपासणीला पाणी जास्त लागतं, मोठ्या माणसाचं किमान ६ मिलिलिटर तरी. टीबीचे जंतू पाण्यात फार विरळ असतात. दोन मिलिलिटर पाठवलं, जंतू सापडले नाहीत आणि ‘टीबी नाही’ म्हणून घरी गेले, असं व्हायला नको. एवढं पाणी घेऊ नका असा आग्रह धरू नका.

सुई जाताना एखादी बारीक रक्तवाहिनी टोचली गेली तर पाण्यात रक्त मिसळतं. कुणाचा हलगर्जीपणा असेलच असं नाही. रुग्ण हलला तरी होतं. पण त्याचा परिणाम आकड्यांवर पडतो. लाल पेशींच्या आत एलडीएच भरपूर असतं, त्या फुटल्या की पाण्यातला आकडा फुगतो. पांढऱ्या पेशींसाठी ढोबळ वजाबाकी करता येते: ५०० ते १००० लाल पेशींमागे एक पांढरी. एन्झाइमसाठी अशी भरवशाची वजाबाकी नाही.

तपासा: पहिली बाटली लालसर आणि शेवटची स्वच्छ असेल तर रक्त बहुधा सुईचं आहे. सगळ्या बाटल्या सारख्याच लाल असतील, किंवा लॅबच्या यंत्रात पाणी फिरवून पेशी खाली बसवल्यावर वरचं पाणी पिवळं दिसत असेल, तर मेंदूतच रक्तस्राव झाल्याची शंका घ्यावी लागते. हा शेरा रिपोर्टवर आहे का, ते बघा.

### टप्पा ३: बाटली लॅबपर्यंत

मोठ्या हॉस्पिटलात हे काम त्यांचं त्यांच्याकडे होतं. पण तालुक्याच्या ठिकाणी पाणी काढून बाटली नातेवाइकाच्या हातात देतात आणि बेळगाव किंवा कोल्हापूरच्या लॅबला पोहोचवायला सांगतात. मग ती शर्टाच्या खिशात, मोटरसायकलवरून, उन्हात जाते. या टप्प्यावर बिघडलेला नमुना नंतर कुठल्याच यंत्राला दुरुस्त करता येत नाही.

पाण्यातल्या पांढऱ्या पेशी बाहेर काढल्यावर तासा-दोन तासांतच मरायला लागतात. म्हणून पेशींची मोजणी जिथे पाणी काढलं तिथेच, लगेच करून घ्यावी. दूरच्या लॅबला पाठवायचं ते उरलेलं.

जंतूंच्या कल्चरची बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही. मेंदूज्वराचे काही जंतू गारव्यात मरतात. एडीएच्या बाटलीचं उलट आहे. ती उशिरा पोहोचणार असेल तर थंड राहायला हवी, नाहीतर आकडा घसरतो आणि खोटा ‘नॉर्मल’ येतो. एलडीएचसाठी मात्र नमुना गोठवू नये. म्हणजे ‘सगळं बर्फात घालून न्या’ हा सल्ला चुकीचा आणि ‘सगळं असंच न्या’ हाही चुकीचा. प्रत्येक बाटली कशी न्यायची ते देणाऱ्याकडून विचारून घ्या आणि बाटलीवरच लिहून घ्या.

तपासा: रुग्णाचं पूर्ण नाव, वय, ‘सीएसएफ’ हा शब्द आणि पाणी काढल्याची वेळ प्रत्येक बाटलीवर आहे का? मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन कागदांवर नावाची तीन रूपं झाली तर रिपोर्ट अडकतो. आधारवर आहे तेच नाव सगळीकडे चालवा.

### टप्पा ४: रिपोर्ट हातात आला की वाचायचा क्रम

एन्झाइमची ओळ बोटाने झाकून ठेवा आणि वरून सुरुवात करा.

रंग. पाणी नितळ असावं. गढूळ असेल तर पेशी खूप आहेत. टीबीत पाणी थोडा वेळ तसंच ठेवलं तर कधी कधी वर कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ पदर धरतो.

पेशी. मोठ्या माणसात घनमिलिमीटरला ५ पर्यंत, त्याही लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी. शेकडो-हजारो न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) म्हणजे बहुधा जंतूंचा मेंदूज्वर. काही डझन ते काहीशे लिम्फोसाइट म्हणजे टीबी, विषाणू, बुरशी अशा बऱ्याच शक्यता. टीबीच्या अगदी सुरुवातीला न्यूट्रोफिलही जास्त दिसू शकतात, हे लक्षात असू द्या.

प्रोटीन. साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. टीबीत बहुधा १०० च्या वर जातं, विषाणूच्या आजारात थोडंच वाढतं.

साखर. रक्तातल्या साखरेच्या सुमारे ६० टक्के. रक्तात १०० आणि पाण्यात ३० असेल तर कमी. रक्तात २४० आणि पाण्यात ७० असेल तरीही कमीच, जरी रिपोर्टवर ७० पुढे कुठलीच खूण नसली तरी. मधुमेहींच्या घरात हा मुद्दा नेमका सुटतो. टीबी, जंतू आणि बुरशीत साखर घटते, विषाणूत ती सहसा टिकून राहते.

एवढं झालं की झाकलेली ओळ उघडा.

सावधान: तान्ह्या बाळांचे नॉर्मल आकडे वेगळे असतात. प्रोटीन, पेशी आणि एलडीएच तिन्ही मोठ्यांपेक्षा जास्त. मोठ्यांची मर्यादा छापलेल्या कागदावर बाळाचा रिपोर्ट ताडू नका.

### टप्पा ५: एडीए

एडीए, म्हणजे अडेनोसिन डीअमिनेज, हे लिम्फोसाइट आणि मोनोसाइट जातीच्या पेशींमध्ये भरपूर असतं. शरीराची ही फौज कामाला लागली की ते वाढतं. टीबीत ती जोरात कामाला लागते, म्हणून टीबीच्या शोधात हा आकडा बघतात. टीबीचा जंतू हे एन्झाइम तयार करतो म्हणून आकडा वाढतो, अशी समजूत चुकीची आहे.

आकडा असा बघा. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब १० युनिट प्रति लिटर ही रेषा धरतात. ४ च्या खाली असेल तर टीबीची शक्यता कमी होते, पण संपत नाही. ४ ते ८ च्या मधला आकडा कुणाच्याच बाजूने बोलत नाही. ८-१० च्या वर गेला तर टीबीचं पारडं जड होतं, पण बाकीच्या ओळी त्याच दिशेने जात असतील तरच.

आता नेहमीच्या चुका.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यात घातक, म्हणजे भलत्याच पाण्याची मर्यादा लावणं. छातीतल्या पाण्यासाठी एडीएची रेषा ४० च्या आसपास असते. काही लॅबच्या छापील नमुन्यात नमुना कुठलाही असो, ‘४० च्या खाली नॉर्मल’ एवढंच येतं. पाठीतल्या पाण्यात १८ आलेला एडीए मग ‘नॉर्मल’ म्हणून फाइलला लागतो. मर्यादेच्या रकान्यात सीएसएफ असं स्पष्ट लिहिलंय का, ते बघा. नसेल तर लॅबला फोन करा.

दुसरी चूक दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडायची. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असतात. बेळगावच्या लॅबचा ९ आणि मिरजेच्या लॅबचा १२ यावरून ‘वाढला’ असं म्हणता येत नाही.

तिसरी, जास्त एडीए म्हणजे टीबीच. पू झालेल्या जंतूंच्या मेंदूज्वरात, लिम्फोमा या कर्करोगात, बुरशीच्या मेंदूज्वरात आणि ब्रुसेलामध्येही एडीए चढतो. ब्रुसेला आजारी जनावरांकडून येतो: कच्च्या दुधातून, गाभडलेल्या जनावराला हात लावल्यातून. सीमाभागात घरोघरी दुभतं आहे, म्हणून पहिल्या टप्प्यात गोठ्याबद्दल सांगायला सांगितलं. ब्रुसेलाची रक्ततपासणी वेगळी मागावी लागते. शिवाय टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही थोडं काम करतं. चुकीच्या निदानावर रुग्णाला अर्धवट बरं वाटतं आणि खरा आजार आत तसाच राहतो.

चौथी, कमी एडीए म्हणजे टीबी नाही. एचआयव्ही असलेल्या रुग्णात फौजच कमजोर असते, त्यामुळे टीबी असूनही आकडा खाली राहू शकतो. एचआयव्हीची तपासणी झाली आहे का, हे न लाजता विचारा.

पाचवी, उपचार लागू पडतोय का ते एडीएवर जोखणं. गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत आकडा वाढूही शकतो. रुग्णाची शुद्ध, ताप, जेवणखाण आणि स्कॅन यांवरून डॉक्टर ते ठरवतात.

सावधान: ‘रक्तातून टीबीची टेस्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अँटिबॉडी तपासण्यांवर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली आहे. पाण्याऐवजी रक्ताचा एडीए बघूनही मेंदूच्या टीबीचं निदान होत नाही.

### टप्पा ६: एलडीएच

एलडीएच, म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजनेज, हा आकडा टीबीपुरता नाही. पेशी जिथे मरतात तिथे तो वाढतो. मोठ्या माणसाच्या पाठीतल्या पाण्यात तो साधारण ४० युनिट प्रति लिटरच्या आत असतो, रक्तातल्या आकड्याच्या बराच खाली. जंतूंचा मेंदूज्वर, रक्तस्राव, पक्षाघात, मेंदूच्या आवरणात पसरलेला कर्करोग या सगळ्यांत तो चढतो.

दोन गोष्टी बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका: पाण्यात रक्त मिसळलं होतं का आणि त्याच दिवशी रक्तातलं एलडीएच किती होतं.

इथे एक गफलत वारंवार होते. रिपोर्टवर लॅक्टेट नावाचीही ओळ असते. लॅक्टेट एन्झाइम नाही, ते वेगळंच रसायन आहे आणि त्याचं मोजमाप मिलिमोल प्रति लिटरमध्ये येतं. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ते ३.५ च्या वर असेल तर जंतूंच्या मेंदूज्वराकडे बोट जातं. फोनवर दुसऱ्या डॉक्टरांना सांगताना ‘लॅक्टेट’ आणि ‘एलडीएच’ यांची अदलाबदल झाली तर सल्लाच बदलतो. म्हणून आकडा तोंडी सांगू नका, अख्ख्या पानाचा फोटो पाठवा.

### टप्पा ७: बाकीची एन्झाइम

सीके (क्रिएटिन कायनेज), त्याचा मेंदूतला प्रकार सीके-बीबी, आणि न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज मेंदूच्या पेशींना मोठी इजा झाल्यावर वाढतात, उदाहरणार्थ हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णात. इनोलेजला रक्त मिसळलेलं अजिबात चालत नाही. एसीई हे एन्झाइम सार्कॉइडोसिस (शरीरात सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) याच्या शंकेत कधी कधी मागवतात, पण ते नॉर्मल आलं म्हणून तो आजार नाकारता येत नाही. रोजच्या मेंदूज्वराच्या रुग्णाला यांची गरज नसते. यादीत दिसली तर ती कशासाठी, हे डॉक्टरांना विचारा.

### टप्पा ८: आकडा संशयास्पद आहे, आता पुढे काय

पाण्यावर सीबीनॅट झाली आहे का, हा पहिला प्रश्न. ही तपासणी टीबीच्या जंतूचा अंशच शोधते आणि रिफाम्पिसिन त्या जंतूवर चालेल का, तेही सांगते. एडीए हे कधीच सांगू शकत नाही. सरकारी टीबी कार्यक्रमात ती मोफत होते. ती पॉझिटिव्ह आली तर एडीए ३ असला तरी टीबी आहे. निगेटिव्ह आली तरी टीबी नाकारता येत नाही; पाण्यात जंतू विरळ असतात म्हणून. कल्चरला काही आठवडे लागतात, तोवर थांबता येत नाही.

म्हणूनच पाण्याचं चित्र, स्कॅन आणि रुग्णाची अवस्था बघून डॉक्टर पुरावा पूर्ण होण्याआधीच टीबीचा उपचार सुरू करतात. ‘सिद्ध झालेलं नाही, मग गोळ्या का’ म्हणून घरचे तो नाकारतात, तेव्हा फार जड वाटतं. मेंदूच्या टीबीत गेलेले दिवस दृष्टी, बोलणं, चालणं घेऊन जातात. उपचार सहसा नऊ महिने ते वर्षभर चालतो, सुरुवातीला सोबत स्टेरॉइड असतं. दोन्ही आपल्या मनाने बंद करायचं नाही.

चित्र स्पष्ट नसेल तर काही दिवसांनी पुन्हा पाणी काढायला सांगतात. त्याला पहिली तपासणी वाया गेली असं समजू नका. आकडे कुठल्या दिशेने चाललेत हे दुसऱ्या नमुन्यातून कळतं. दोन्ही नमुने शक्यतो एकाच लॅबला द्या.

शेवटी सीमेवरची अडचण. अथणीचा रुग्ण मिरजेला दाखवतो, निपाणीचा कोल्हापूरला, खानापूरचा बेळगाव नाहीतर गोव्याला. निदान एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात. टीबीची नोंद झाली की निक्षय (टीबी रुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद) क्रमांक मिळतो आणि तो देशभर चालतो. जिथे निदान झालं तिथेच तो मागून घ्या आणि आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रावर नोंद बदलून घ्या. गोळ्या गावाजवळ मिळतात आणि पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. अडलं तर निक्षय संपर्कचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६ आहे. डिस्चार्जच्या वेळी फाइलमध्ये पाण्याच्या रिपोर्टचं पूर्ण पान, त्या दिवशीची रक्तातली साखर, सीबीनॅटचा निकाल, स्कॅनची सीडी आणि आधीच्या औषधांची यादी आहे का, हे बिल भरायच्या आधी बघा. एकदा गावी गेल्यावर कल्चरचा निकाल आणायला पुन्हा यावं लागतं, म्हणून तो कुठल्या नंबरवर कळवणार हेही त्याच वेळी लिहून घ्या.